उजव्या डोळ्यापुढची लाल फुली

मी एक जुना चष्मा आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो! वाचायचा नव्हे, मी माल काढायचा चष्मा. गोदामात घालायचा. माझ्या उजव्या काचेवर एक इवलासा पडदा आहे. समोरच्या फळ्या तर दिसतातच, शिवाय कुठल्या खणातून काय उचलायचं ते दाखवणारा हिरवा बाण हवेत उमटतो. चुकीचं उचललं, की लाल फुली. आता मी टेपच्या संपलेल्या रिळांसोबत एका खणात पडलोय, पण माझेही दिवस होते.

कारखान्यात मला घडवलं, पारखलं आणि मऊ कपड्यात गुंडाळून चाचणीसाठी गोदामात धाडलं. मोठ्या ऐटीत आलो मी. 'आता चुका संपल्या' असं माझ्या पेटीवर छापलंच होतं! नव्याचे नऊ दिवस, दुसरं काय.

त्या गोदामात जोडीनं माल काढायची रीत होती. एकीनं चिठ्ठी वाचायची, दुसरीनं उचलायचं. सगळ्यात चपळ जोडी दोन जावांची. सगळं गोदाम त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचं. धाकटी ओरडायची, "चौथा खण, खालची फळी, निळं झाकण!" तोवर थोरलीचा हात तिथे पोचलेला असायचा. वर तोंडाचा पट्टा सुरूच.

"हळू वाच की गं, मागे वाघ लागलाय का?"

"तुम्हीच हळू झालात, ताई!"

मी आलो आणि जोड्या मोडल्या. एका चष्म्याला एकच माणूस लागतं ना! चाचणीत जमेल तो राहील, न जमेल तो घरी बसेल, असं मुकादमानं सांगून टाकलं. थोरलीचा नवरा अंथरुणाला खिळलेला. एकाच घरात दोघींच्या चुली वेगळ्या; थोरलीची तिच्या एकटीच्या हातावर पेटायची.

पहिल्या दिवशी मी तिच्या नाकावर बसलो आणि पाहतो तर काय! तिचा उजवा डोळा वरून धडधाकट, आतून विझलेला! कार्टनची पट्टी कापताना टोक उसळून लागलं होतं म्हणे. पण नजर अधू झाली म्हणून एका फोर्कलिफ्टवाल्याला घरी पाठवलेलं तिनं पाहिलं होतं. म्हणून ती गप्प राहिली. ठाऊक होतं ते फक्त धाकटीला. वाचायचं काम तिचं, त्यामुळे जोडीत सगळं खपून गेलं.

आणि माझा पडदा नेमका उजवीकडे! मी बाण दाखवतोय आणि ही चाचपडतेय. मग सवयीनं, अंदाजानं काहीतरी उचलायची. कधी बरोबर निघायचं, बहुतेकदा चूक. मी आपला लाल फुली नाचवतोय, तीही आंधळ्या डोळ्यापुढे. अहो, गळा फाडून ओरडावंसं वाटायचं, पण मला तोंड कुठे दिलंय?

चाचणीवाला साहेब माणूस भला. "काच मळली असेल, ताई," म्हणून त्यानं मला मऊ कपड्यानं पुसलं. पुन्हा चूक. बॅटरी बदलली. पुन्हा चूक. दांड्या आवळल्या, पुन्हा पुसलं, मग स्वतःच्या नाकावर ठेवून पाहिलं.

"चकाचक दिसतंय की! तुम्हाला दिसतंय ना?"

"दिसतंय हो, साहेब. अगदी स्वच्छ."

धाकटी काही बोलणार, तेवढ्यात थोरलीनं तिचा दंड दाबला आणि पुटपुटली, "माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

माझी एवढी बडदास्त कधी कुणी ठेवली नव्हती. तिच्या डोळ्यात मात्र एकदा वाकून बघावं, असं कुणालाच सुचलं नाही.

शेवटी मुकादम जमिनीकडे बघत म्हणाला, "ताई, चष्म्यात दोष नाही. तुमचंच कामात लक्ष नाही. उद्यापासून येऊ नका."

"आम्हा दोघींना चिठ्ठीवरच राहू द्या ना."

"चिठ्ठ्याच बंद झाल्यात, ताई."

तिनं मला उतरवलं, बाहीनं पुसलं आणि पेटीत ठेवलं. मला फार वाईट वाटलं.

पुढे मी एका पॅकिंगवाल्याच्या वाट्याला आलो. तो आला तोच डोळा चोळत. "साहेब, उजव्या डोळ्याला रांजणवाडी झालीय. काही दिसत नाही बघा."

"एवढंच ना?" साहेबानं खिशातून पेचकस काढला, दोन स्क्रू ढिले केले आणि माझा पडदा सरकवून डाव्या काचेवर बसवला. त्याचा चहासुद्धा गार झाला नव्हता.

धाकटी चाचणीत टिकली होती; ती पलीकडच्या रांगेतून बघत होती. "एवढंच होतं?" म्हणाली, आणि कितीतरी वेळ तेच म्हणत राहिली.

मग मुकादमाकडे धावली. शपथ मोडून सगळं सांगितलं. त्यानं कपाळाला हात लावला. "आधी बोलायचं ना, बाई! आता जागा भरली. आणि एका डोळ्याचं माणूस म्हटल्यावर वरचे हो म्हणतील होय?"

पुढे माझ्यापेक्षा हलके चष्मे आले आणि मी या खणात आलो. धाकटी इथे टेपचं संपलेलं रीळ टाकायला येते, तेव्हा मला हातात घेते. मन मोकळं करायला तिला आता गोदामात दुसरं आहेच कोण? पडदा डावीकडे सरकतो, हे तिनं घरी अजून सांगितलेलं नाही. कुठल्या तोंडानं सांगेल?

"ताई रोज विचारतात रे तुझं," ती म्हणते. "मी सांगते, बिघडलेलाच निघाला तो. फेकून दिला."

मित्रांनो, माझी काच पुसली नाहीत तरी चालेल. पण एखादं माणूस 'दिसतंय' म्हणालं, तरी एकदा त्याच्या डोळ्यात वाकून बघत जा. मी बिघडलेलो नव्हतो, आजही नाही. पण थोरली कधी भेटलीच, तर तिला हे सांगू नका. मी बिघडलेलाच होतो म्हणा.