नाव घ्यायची जागा

"शेवंते, तुझी शेळी पुन्ना सभेत शिरली बघ!"

धुरपताआक्का अशी वरडली की मी वळखायची, आज रविवार हाय. बाकीच्या वारी त्या पत्र्याच्या शेडात शेळी काय, रेडा शिरला तरी तिला सोयरसुतक नसायचं. रविवारी मात्र सतरंजी झटकायची, खंजिरी पुसायची आन् एकटीच येशूची गानी गात बसायची. मी म्हनायची, "आक्का, शेळी ऐकून राहिली तर बसू दे की. तेवढंच सभेत एक डोकं वाढलं."

"तुझ्या जिभेला काई हाड हाय का गं?" आन् खंजिरी माझ्याकडंच उगारायची.

मी बुद्धाच्या इहाराची, पुनवेला वंदना करनारी. पर आक्का माझी शेजारीन. किल्लारीकडची भुई हालली त्या पहाटेपास्नं आमी एकमेकींच्या. तिची सगुणा, इवलीशी पोर, घराचं मातीचं माळवद कोसळून त्याखाली गेली. वरून पाऊस कोसळलेला. पडक्या घरांची दारं-तुळया रचून समद्यांना एकदमच जाळलं. कोन कुनाचं, इचारायला येळ न्हवता. सगुणाचं नावसुदिक कुनी घेतलं न्हाई.

मंग पत्र्याची शेडं मिळाली. तितं उदगीरकडचा चंद्रप्पा पास्टर आला. निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलायचा. कनिक-डाळ वाटनारे लई आले न् गेले. ह्यो बाबा भुईवर बसायचा आन् इचारायचा, "तुमचं कोन गेलं? नाव काय त्याचं?" त्याचं एक मातीचं, मयताला गायचं गानं होतं. "मातीला माती देतो बापा, तुझ्या हाती देतो..." म्हनायचा आन् थांबायचा. तितं मयताच्या घरच्या मानसानं नाव घ्यायचं. नाव घेतलं की मंगच फुडचं गानं. आक्काची पाळी आली तवा तिच्या तोंडून नाव निघंना. पास्टर बसून ऱ्हायला. शेवटी म्हनला, "असू दे अम्मा, निघंल तवा निघंल."

न्हाई निघालं. पर ती सभेची झाली. तिच्या मागनं तिचा नवरा, लिंबाजीभावजी, बी सभेत गेले आन् त्येंची दारू सुटली, हे मी माझ्या डोळ्यानं बघितलंय. मंग एकाचं बघून दुसरं. गाव नव्या घरात गेलं तवा जुनेच पत्रे आनून सभेचं शेड उभं केलं. मानसं मावायची न्हाईत. डफ-खंजिरीनं पत्रे असे थरथरायचे की माझं डोकं उठायचं. कुनाचीबी माती असली की गानं आक्काचंच. आवाज तसा होता, आन् गुर्मी बी तेवढीच. दुसरीनं तोंड उघडलं की म्हनायची, "तू टाळ्या वाजव." कुनाला म्हनून शिकवलं न्हाई बाईनं.

फुडं उतरती लागली. पास्टर वारला. पोरं पुन्याला गेली. सभेत बसतो म्हनून कुनी चुगली केली तर किरिस्ताव ठरून लेकराचा जातीचा दाखला जाईल, हे भ्या तर घरोघर. एकेक जन मुकाट इहारात येऊन मागं बसाया लागला. आमी बी काई इचारलं न्हाई. मानसाला देव लागतो, तसा दाखला बी लागतो. लिंबाजीभावजींच्या मातीला आक्का एकटीच गायली, आन् नाव बी तिनंच घेतलं.

यंदा उन्हाळ्यात तिनं खाट धरली. तिचा ल्योक आनंदराज लातूरला हापिसात कारकून. तो आला तवा म्हनली, "राजा, माझ्या मातीला गानं पायजे. नाव तू घ्यायचं."

"माय, हापिसातली मानसं येतेत. माझ्या नोकरीचं, पोरीच्या दाखल्याचं बघ की जरा."

"मी काय जमीन मागलाले का? एक नाव घे म्हनलालेय."

"आन् गानार कोन?"

आक्का भिताडाकडं तोंड करून पडली. मला लई वाईट वाटलं.

तो गेल्यावर म्हनली, "शेवंते, तुझा मोबाईल आन. मीच गाऊन ठिवते. नावाच्या जागी गप बसते, तितं माझा राजा नाव घेईल. आईचं नाव घ्यायला काय लाजतंय लेकरू?" तिला धरून शेडात नेलं. बटन दाबून मोबाईल फुड्यात ठिवला, तर ही भवानी शेळी आत! तिला हाकलत पार बांधाला गेले. परत आले तवर गानं झालं होतं. आक्का घामानं निथळत होती.

"नावाची जागा सोडली का?"

ती नुसती म्हनली, "आता ऐकू नको. माझ्या मातीलाच लाव."

पेरनीच्या आदी गेली.

मसनवट्यात आमच्या इहाराची वंदना झाली. सरन रचलेलं. हापिसातली मानसं नाकाला रुमाल लावून उभी. मी आनंदराजाच्या कानाशी गेले. "राजा, लावू का?"

"मावशी, नका. पाया पडतो तुमच्या."

"माझ्या कामून? तिच्या पड." मी बटन दाबलं.

खंजिरी वाजली. शेळी वरडली. मंग माझाच आवाज, "आगं मेले, हिकडं कुटं!" कुनीतरी फिसकन हासलं. मंग आक्का गायला लागली. आवाज फाटलेला, पर सूर तोच. आनंदराजानं मोबाईल हिसकायला हात फुडं केलेला, तो तसाच ऱ्हायला. गानं नावापाशी आलं आन् थांबलं. मी त्याच्याकडं बघितलं. त्याचे व्हट हालले. घे रं बाबा, घे, असं माझा जीव म्हनून राहिला.

तेवढ्यात मोबाईलमधनं आक्काच बोलली, "सगुणा."

आन् फुडचं गानं सुरू झालं.

आनंदराजाचं तोंड उघडं ते उघडंच. बहिनीचं नाव त्यानं आईच्या तोंडून कदी ऐकलं नसंल. गानं सरलं. पुन्ना लावलं तरी तेच येनार, आन् दुसरं गायला तितं कोन होतं? त्यानं खाली मान घालून सरनाला काडी लावली. लेकीला गानं मिळालं. आक्का तशीच गेली.