बर्फावरचे दोन ठोके

पक, म्हणजे आइस हॉकीतली रबरी चकती, स्टिकवरून सुटला आणि त्याच क्षणी डॅनिकाला कळलं, काहीतरी चुकलंय. लाल संघातल्या कुणीतरी मारलेला पक कुणाच्या तरी बुटाला लागून गोलमागे घरंगळला होता. तो उचलून, मान खाली घालून ती वळत होती, तेवढ्यात डावीकडून बर्फावर स्टिक आपटल्याचा आवाज आला. टक-टक. ही पास मागायची खूण. डॅनिकाने न बघता पास दिला. मान वर केली तर समोर आपली पांढरी नव्हे, लाल जर्सी. लाल जर्सीने पक अडवला आणि मारला. गोलरक्षक टेगन बिचारी भलत्याच बाजूला बघत होती. पक सरळ जाळीत.

लाल जर्सीत मारेन फ्रीसेन होती.

शुक्रवारचा सामना डॅनिकाच्या विद्यापीठाच्या पोरी त्या एका गोलने हरल्या. उपांत्य फेरी तीन सामन्यांची. त्यातला पहिला गेला. म्हणजे आता शनिवारी हरलं की ऑक्टोबरपासून बर्फात घासलेला अख्खा हंगाम बोंबलला. ड्रेसिंग रूममध्ये डॅनिकाला कुणी काही बोललं नाही. एखादीने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. सगळ्या सूर्यफुलाच्या बिया चघळत टरफलं कपात थुंकत होत्या आणि तिच्याकडे बघायचं टाळत होत्या.

कोचने लॅपटॉपवर तो गोल लावला. एकदा, मग पुन्हा. चित्रफितीला आवाज नव्हता. मुक्या पडद्यावर डॅनिका शहाण्यासारखी वळत होती आणि शत्रूच्या हातात पक नेऊन देत होती. बघणाऱ्याला वाटावं, पोरीला वेडबिड लागलंय.

"कुणाला दिलास हा?" कोचने विचारलं.

"आवाज आला, कोच. टक-टक."

"आपल्यातलं कुणी होतं का तिकडे?"

टेगन पायाचं पॅड सोडता सोडता म्हणाली, "फ्रीझरचा आवाज होता. हिला तो झोपेतही कळतो."

फ्रीझर म्हणजे मारेन. फ्रीसेनचं फ्रीझर झालं ते इथेच, याच खोलीत. हॉकीत कुणाचं आडनाव धड राहत नाही.

टेगनचं खोटं नव्हतं. डॅनिका आणि मारेन एका गावच्या, दुधाचे दात पडायच्या वयापासून फ्रीसेनांच्या शेतामागच्या गोठलेल्या तळ्यावर बरोबर खेळलेल्या. बाकीच्या पोरी स्टिकच्या पात्याच्या टोकाने ठोकतात, मारेन पात्याच्या टाचेने, म्हणजे दांडा पात्याला मिळतो त्या कोपऱ्याने ठोकते. आवाज जाड येतो, दार वाजवल्यासारखा. तो ऐकला की डॅनिकाचे हात आपोआप पास द्यायचे. डोळ्यांचं कामच नसायचं. विद्यापीठातही दोन हंगाम असेच गेले. मग एका वसंतात मारेनच्या लॉकरवरची नावाची पट्टी दिसेना. ती शेजारच्या प्रांतातल्या विद्यापीठात गेली, हे डॅनिकाला त्या रिकाम्या जागेवरून कळलं. नर्सिंगला तिकडे जागा मिळाली असं कुणी म्हणे, कोचशी बिनसलं असं कुणी. मारेनने चकार शब्द काढला नव्हता. डॅनिकानेही फोन केला नाही. गेली ती, मग तिने करावा की. विद्यापीठ बदललं म्हणून नियमाप्रमाणे मारेनला एक वर्ष नुसता सराव करत काढावं लागलं, आणि यंदा ती लाल जर्सी घालून समोर उभी राहिली.

दोघींच्या आयांनी मात्र अबोला धरला नव्हता. दोघी आजही प्रेक्षकांत एकाच घोंगडीत पाय घालून, एकाच थर्मासातली कॉफी पीत बसल्या होत्या. त्या गोलला टाळी वाजवावी की नाही, हे दोघींनाही कळेना, अशा त्या बसलेल्या डॅनिकाने पाहिल्या होत्या.

पोरी गेल्यावर कोचने डॅनिकाला मागे थांबवलं. रागावल्या नाहीत, उलट खुर्ची ओढून जवळ बसल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. जी सवय तुझ्या हातात आहे ती तिच्याही हातात असणारच. उद्या मारेन अडचणीत सापडली, तिची मान खाली असली, की तू जवळ जाऊन तशीच टाचेने टक-टक करायची. पास देईलच ती.

"हे बरं दिसेल का, कोच?"

"तिने विचारलं का तुला, बरं दिसेल का म्हणून?" कोच म्हणाल्या. "नियमात बसतं. बाकी तुझं तू बघ."

तुझं तू बघ म्हणणं सोपं. शनिवारी स्टिकला टेप गुंडाळता गुंडाळता डॅनिकाचं डोकं भणभणून गेलं होतं. मारेनने मुद्दाम फसवलं असेल, तर आजवरची मैत्री तिने एका गोलसाठी विकली. चुकून ठोकलं असेल, तर? चुकून कसं ठोकेल? मी पांढऱ्या जर्सीत आहे हे तिला दिसत नव्हतं का? आणि मला तरी ती लाल जर्सीत आहे हे का आठवलं नाही? टेप वाकडीतिकडी बसली. तिने ती उचकटून काढली आणि नव्याने गुंडाळायला घेतली. एवढं मात्र तिला सुचलं, की कोचच्या युक्तीने निदान खरं-खोटं कळेल. पास आला तर मारेनचा हात अजून जुनाच आहे, म्हणजे कालचंही सवयीनेच झालं असणार. नाही आला, तर ती सावध आहे, म्हणजे काल तिने डाव टाकला. आपण हे परीक्षा म्हणून करतोय, असं तिने स्वतःला बजावलं. ते तिला पूर्णपणे पटलं नाही.

सामना बरोबरीत असताना वेळ आली. लाल संघाच्या गोलजवळ, कोपऱ्यात, पांढऱ्या जर्सीतल्या दोघींनी मारेनला कठड्याशी कोंडलं होतं. मान खाली, पक पायात. डॅनिका गोलसमोर सरकली. स्टिक उचलली, आणि टाचेने बर्फावर ठोकली. टक-टक.

पास आला. मारेनने वर बघितलंही नाही. पक बर्फाला चिकटून, अगदी हळुवार, जिथे हवा तिथे पात्यावर येऊन थांबला, जसा तळ्यावर यायचा. डॅनिकाने मारला आणि गोल झाला. पांढऱ्या जर्सी तिच्या अंगावर कोसळल्या, कुणीतरी तिचं हेल्मेट बडवलं, बाकावर कोच हात उंचावून उभ्या होत्या.

त्या घोळक्यातून डॅनिकाने मारेनकडे पाहिलं. मारेन रागावली असती तर कळलं असतं. शिवी हासडली असती तरी चाललं असतं. पण मारेन कठड्याला टेकून तिच्याकडेच बघत होती आणि हसत होती. कुत्सित नव्हे, चांगलं हसू. डॅनिकाला त्याचा काही म्हणता काही अर्थ लागेना. परीक्षेचं उत्तर तिला मिळालं होतं, तरी तिला हायसं वाटेना.

शनिवार जिंकला. रविवारी तर पोरींनी लाल संघाला डोकंच वर काढू दिलं नाही. भोंगा वाजला, हातमोजे आणि स्टिका बर्फावर विखुरल्या, अंतिम फेरी गाठलेल्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडून ओरडल्या. मग रिवाजाप्रमाणे दोन्ही संघ समोरासमोर रांगेत आले. मालिका संपली की प्रत्येकीने प्रत्येकीशी हात मिळवायचा, छान खेळलात म्हणायचं आणि पुढे सरकायचं.

मारेनने हात धरला तो सोडेना.

"शुक्रवारी मी पास मागितला नव्हता, डॅनी," ती म्हणाली.

"स्टिक आपटलीस की."

"आमच्याच पोरीने मारलेला पक घोट्यावर बसला होता गं. कळवळून आपटली. तर समोरून तुझा पास. पुढ्यात आलाय म्हटल्यावर मारला." तिचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची तिला घाई नव्हती. "न सांगता गेले मी, चुकलंच माझं. मला वाटायचं, तू माझं नावच टाकलंस. आणि तू तर मी कुठल्या जर्सीत आहे हेसुद्धा विसरलीस. इतकं बरं वाटलं मला. हरलीस तू, आणि मी हॉटेलात जाऊन रडले, बरं वाटलं म्हणून."

रांग अडली होती. मागून टेगनने डॅनिकाच्या पाठीत कोपर खुपसलं.

"काल मग मीही विसरले," मारेन म्हणाली. "टक-टक ऐकलं आणि दिला. तुझंही तसंच झालं ना? सवयीने ठोकलंस ना तू?"

डॅनिकाने तोंड उघडलं. रांगेच्या टोकाला कोच लाल संघाच्या कोचशी हात मिळवत होत्या, खुशीत होत्या. वर प्रेक्षकांत दोन बायका एकच घोंगडी दोन टोकांनी धरून घडी घालत होत्या.

"हो," डॅनिका म्हणाली.

मारेनचा चेहरा केवढा उजळला. "फोन करते मग," असं म्हणून तिने हात घट्ट दाबला, सोडला आणि ती किंचित लंगडत पुढे गेली.

डॅनिकाने पुढचा हात हातात घेतला, मग त्याच्या पुढचा. छान खेळलात, छान खेळलात, ती म्हणत गेली. आपण कुणाला म्हणतोय हे बघायला तिने मान वर केली नाही.