लसीच्या खोलीपुढचा बाक

मित्रांनो, दवाखान्यात गेलात की तुम्ही डॉक्टरांकडे बघता, औषधांच्या कपाटाकडे बघता, सुईकडे तर डोळे मोठे करून बघता. पण ज्याच्यावर बसून तुम्ही वाट बघता, त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. तो मी. मी एक जुना लाकडी बाक आहे. मला गोष्ट नीट सांगता येईल की नाही, याची मलाच खात्री वाटत नाही. जन्मभर मी ऐकण्याचंच काम केलं, बोलायची सवय नाही. कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

बाक होण्याआधी मी दार होतो. दवाखान्याची जुनी इमारत पाडली तेव्हा एका सुताराने माझ्या फळ्या उचलल्या, रंधा मारला आणि खाली चार पाय बसवले. माझ्या बसायच्या फळीत कुलपाच्या किल्लीचं भोक तसंच राहिलं होतं. दवाखान्याच्या कारकुनाने नाक मुरडलं. "हे भोक बुजवा, शोभत नाही."

"राहू द्या साहेब," सुतार म्हणाला, "वाट बघताना पोरांना बोट घालायला काहीतरी पाहिजे."

सुताराचं म्हणणं शंभर टक्के खरं ठरलं. त्या भोकात किती बोटं गेली आणि किती खडे, याचा हिशोब मी ठेवलेला नाही.

मला लसीच्या खोलीच्या दारासमोर ठेवलं. "उन्हाळ्यात गार लागतो हो हा," असं म्हणत बायका माझ्यावर टेकायच्या, आणि मला बरं वाटायचं. हळूहळू मला एक विद्या साधली. माणूस माझ्यावर कसा बसतो, यावरून त्याच्या मनातलं मला कळू लागलं. जे ठरवून आलेले असतात, ते पाठ भिंतीला टेकवून ऐसपैस बसतात. ज्यांचं ठरलेलं नसतं, ते अगदी कडेवर बसतात. अर्धं अंग बाकावर, अर्धं पायांवर. केव्हाही उठून पळता यावं म्हणून.

गुरुवार हा माझा सर्वांत धावपळीचा दिवस. त्या दिवशी बाळांना टीबीची, म्हणजे क्षयाची लस टोचत. ती लस काळपट काचेच्या बोटभर बाटलीत येते. आत पांढरी पावडर असते. त्यात औषधी पाणी मिसळलं की चार तास. त्यानंतर बाटलीत काही उरलं असेल तर ते फेकून द्यायचं. एका बाटलीत बऱ्याच बाळांची लस असते, म्हणून ती रोज उठून फोडत नसत. बाळं जमेपर्यंत थांबायचं, मग फोडायची आणि बाटलीवर पेनाने वेळ लिहायची. ही वेळ आमच्या सिस्टर लिहीत. सिस्टर म्हणजे लसीच्या खोलीतल्या परिचारिका. उंच, चष्मा नाकावर घसरलेला, आवाज हळू पण ठाम.

आता ज्या गुरुवारची गोष्ट सांगणार आहे, त्या दिवशी बाटलीवर लिहिलं होतं, दहा वाजून दहा मिनिटं. म्हणजे दोन वाजून दहा मिनिटांपर्यंत ती चालणार होती.

बारा वाजता एक कुटुंब आलं. बाप रंगारी होता. नखांच्या कडांना पांढरा रंग अडकलेला. आईच्या मांडीवर दीड महिन्याचं बाळ. बाळ आजोळी, घरीच जन्मलं होतं, म्हणून जन्मल्या जन्मल्या टोचायची लस राहून गेली होती. सोबत चार वर्षांची मुलगी; तिला सगळे चिमणी म्हणत. चिमणीने लगेच माझ्या भोकात बोट घातलं. बाप टेकून बसला. आई कडेवर.

"अगं, एक मिनिटाचं काम आहे," रंगारी म्हणाला.

"चिमणीच्या वेळी पण हेच म्हणाला होता. एक मिनिटाचं काम आणि तीन महिन्यांचं दुखणं."

"एवढीशी तर सुई. माझा ब्रश याहून जाड असतो."

"मग तुम्ही ब्रश टोचून घ्या. माझ्या बाळाला नको."

चिमणी हसली. आई हसली नाही. तिने चिमणीची बाही वर केली आणि तिच्या डाव्या दंडावर बोट ठेवलं. तिथे रुपयाएवढा, चुरगळलेला वण होता. "हे बघा. रोज आंघोळ घालताना बघते मी हे. परत एकदा? स्वतःच्या हाताने?"

रंगाऱ्याने वणावरून नजर काढली. पण त्याचे पाय स्वस्थ नव्हते. माझ्याखाली त्याची टाच सारखी आपटत होती.

तेवढ्यात दवाखान्याचे शिपाईमामा आले. यांना गप्प राहणं कधी जमलं नाही. "काय रंगारी, भिंत रंगवायला एवढा वेळ लावता का? दोन-दहाला बाटली कचऱ्यात. लस काही कुणाच्या बापाची वाट बघत नाही!"

"उद्या पहाटे आमची गाडी आहे, मामा," रंगारी म्हणाला. "कामाच्या गावी चाललोय सगळे. तिथं बाळांची लस कुठे मिळते, काही कल्पना नाही."

"मग तर आजच उरका."

आई उठली. "चिमणीला पाणी पाजून आणते," म्हणाली आणि बाळाला छातीशी घट्ट धरून नळाकडे गेली. ती वळताच रंगारी दाराशी जाऊन उभा राहिला. त्याला वाटलं, ऐकायला कुणी नाही.

"सिस्टर, तुम्ही सांगा ना तिला. माझं ती ऐकत नाही."

"एवढी घाई कशाची आहे तुम्हाला? गाडी सोडून सांगा."

त्याने मागे वळून नळाकडे पाहिलं. "जिथं मी राहतो आणि आता यांना नेतोय ना, तिथं पलीकडच्या खोलीत एक मिस्त्री आहे. टीबी निघालाय त्याला. औषध सुरू आहे. मधे भिंत नाही, नुसता पत्रा आहे. आणि तो पण वरपर्यंत जात नाही."

"तुम्हाला खोकला? ताप?"

"नाही. तिथं सगळ्यांची तपासणी झाली. माझा छातीचा फोटो साफ आला."

"बायकोला माहीत आहे हे?"

"सांगितलं तर ती येणारच नाही हो. दोन वर्षं वेगळे राहतोय आम्ही. पोरगी मला ओळखायला दिवस घेते." त्याचा आवाज खाली आला. "तुम्ही नुसतं टोचून टाका. म्हणजे मी सुटलो."

सिस्टरांनी चष्मा वर केला. "हे तुम्ही सांगायचं तिला. मी नाही. आणि आईला अर्धं सांगून मी टोचणार नाही. एकदा..." त्या बोलता बोलता थांबल्या आणि आत गेल्या. नोंदवहीची पानं भराभर उलटल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला.

मित्रांनो, लाकडाला घाम फुटत नाही म्हणतात. मला त्या दुपारी फुटला असं वाटलं. एक वाजला. दीड वाजला. आई परत येऊन त्याच कडेवर बसली होती. चिमणी भोकात एकेक खडा टाकत होती, आणि तो खाली पडला की टक्क असा आवाज तेवढा होत होता.

पावणेदोनला सिस्टर बाहेर आल्या आणि माझ्यावर बसल्या. इतक्या वर्षांत त्या कधी माझ्यावर बसल्या नव्हत्या. आईच्या अगदी शेजारी बसल्या. "ये गं चिमणे, हात दाखव." त्यांनी तो वण बराच वेळ पाहिला. मग आईला विचारलं, "याला काय काय केलंत?"

"काय नाही केलं ते विचारा," आई म्हणाली. "महिनाभराने फोड आला. फुटला. पू यायला लागला. सासूबाई म्हणाल्या, आईचंच लक्ष नाही, पाणी लागू दिलं असणार. मग मी रोज बसून दाबून दाबून पू काढला. पोर किंचाळायची. मलम लावलं, पावडर भरली, घट्ट पट्टी बांधली. जेवढं करत गेले तेवढं चिघळत गेलं."

"ते काहीच करायचं नसतं, बाई."

आईने मान वर केली.

"या लसीनंतर बहुतेक बाळांना फोड येतोच. फुटतो, थोडा पाझरतो, आपला आपण सुकतो. काही आठवडे लागतात. दाबायचं नाही, मलम नाही, पट्टी नाही. स्वच्छ आणि उघडं ठेवायचं. लस अंगात काम करत असते, म्हणून तो येतो."

"मग हे त्या दिवशी कुणी का नाही सांगितलं मला?"

दालनात दुसरं कुणी नव्हतं. शिपाईमामासुद्धा झाडू घेऊन नुसते उभे होते.

"त्या दिवशी टोचणारी मीच होते," सिस्टर म्हणाल्या. "मघाशी नोंदवही काढून पाहिलं. माझीच सही आहे. त्या दिवशी बाहेर रांग होती, बाटलीची वेळ संपत आली होती. मी टोचलं आणि म्हटलं, पुढचं बाळ आणा. सांगायचं राहिलं. चूक माझी होती. तुझी नव्हती."

आईने चिमणीची बाही खाली ओढली. मला वाटलं, आता रडेल. पण ती रडली नाही. तिचा आवाज चढला. "चार वर्षं! चार वर्षं मी ती चूक माझी म्हणून वागवली. घरातल्या प्रत्येकाचं ऐकून घेतलं."

"ऐकवा मला," सिस्टर म्हणाल्या. "मी बसले आहे."

आणि मित्रांनो, इथे रंगाऱ्याची टाच थांबली. समोर वयाने मोठी, मान असलेली बाई आपली चूक कबूल करते आहे, हे बघून त्याला आपलं गप्प बसणं जड झालं असावं. तो खाली मान घालून म्हणाला, "मला पण एक सांगायचंय." आणि मिस्त्री, पत्रा, सगळं सांगून टाकलं.

आई त्याच्याकडे वळली. "म्हणजे मला आणि माझ्या पोरांना घेऊन तुम्ही त्या खोलीत चालला होता? न सांगता?"

"लस टोचली की झालं, असं वाटलं..."

"तुम्हाला वाटलं! सासूबाईंना वाटलं, तुम्हाला वाटलं. बाळ मात्र माझ्या मांडीवर!"

"दोन वाजले," शिपाईमामा पुटपुटले.

"मामा," सिस्टर न वळता म्हणाल्या, "घड्याळ मला दाखवा. तिला नको."

आईने बाळाचं टोपडं सारखं केलं. मग एकेक शब्द तोलून विचारू लागली. "ही लस घेतली की याला टीबी होणारच नाही?"

"असं मी सांगणार नाही. पण लहान बाळांना टीबीचा जो वाईट प्रकार होतो, मेंदूपर्यंत जातो, त्यापासून ही बरीच राखते. म्हणून ती इतक्या लवकर द्यायची."

"आणि काही बिघडलं तर?"

"क्वचित काखेत गाठ येते. तसं दिसलं, किंवा फोड फारच वाढला, तर घरी काही करत बसू नका. डॉक्टरांना दाखवा."

"खात्री देता?"

"जेवढं मला माहीत आहे, तेवढं सगळं सांगितलं, याची खात्री देते."

घड्याळाची टिकटिक मला माझ्या पायांतून जाणवत होती. दोन वाजून चार मिनिटं झाली. आई बोलली ती नवऱ्याशी. "उद्याची गाडी तुम्ही एकट्याने पकडा. दुसरी खोली बघा, खिडकीची. मिस्त्रीपासून आता धोका नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मी बाळाला त्या आवारात आणणार नाही."

"बरं," रंगारी म्हणाला. मग चाचरत म्हणाला, "तू थांबणारच असशील, तर लस पुढच्या गुरुवारी..."

"नाही. आज." ती उठली. "पुढच्या गुरुवारी मला हा धीर असेल की नाही, माहीत नाही."

ती उठली तेव्हा माझी कड हलकी झाली, आणि मी त्या दारातून आत जाणाऱ्या पावलांकडे कान लावून राहिलो. आत शांतता. फार वेळ शांतता. मग बाळाने असा काही टाहो फोडला की शिपाईमामांच्या हातून झाडू पडला. रंगारी भिंतीला कपाळ टेकवून उभा होता. चिमणी त्याची बोटं धरून म्हणाली, "बाबा, संपलं. मला पण असंच टोचलं होतं, मी नाही रडले."

"तू तर सगळा दवाखाना डोक्यावर घेतला होतास," शिपाईमामा म्हणाले. त्यांची आठवण खरी होती. मीही तिथेच होतो.

माझी पुढची कहाणी थोडी उदास आहे. महिन्याभरात लोखंडी खुर्च्यांची चकचकीत रांग आली आणि मला उचलून बाहेर पत्र्याच्या शेडखाली ठेवलं. तिथे माझ्यावर जुने डबे आणि मोडका तराजू यांचं राज्य झालं. माझा एक पाय तुटायला आला. मला वाटलं, संपलं आपलं काम. सिस्टरांनीच एकदा येऊन डबे उतरवले आणि त्या पायाखाली लसीच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून घातला.

अडीच-तीन महिन्यांनी ती आई पुन्हा आली, बाळाच्या पुढच्या लसीला. ओळखलंच मी. आत खुर्च्या भरल्या होत्या, म्हणून ती शेडखाली माझ्यावर आली, आणि यावेळी पाठ टेकवून बसली. खिडकीची खोली मिळाली होती. मिस्त्रीची औषधं चुकत नव्हती आणि डॉक्टरांनी जायला हरकत नाही म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी ते सगळे निघणार होते. बाळाच्या दंडावर मुगाएवढी सुकलेली खपली होती, उघडी.

माझ्या दुसऱ्या कडेवर एक नवखी आई बसली होती. अर्धं अंग बाकावर, अर्धं पायांवर. ती त्या खपलीकडे चोरून बघत होती आणि आपल्या तान्ह्याला घट्ट आवळत होती.

चिमणीची आई सरकत सरकत तिच्याजवळ गेली. "भीती वाटतेय ना? वाटू दे. मी सांगते काय काय होतं ते. सगळं सांगते, मग तू ठरव. फोड येईल. दाबायचा नाही हं..."

मित्रांनो, मी काही शिकलेला नाही, तुम्हाला उपदेश करायला मी कोण? एवढंच मागतो. जुनी वस्तू दिसली की तिच्यावर डबे रचू नका. तिचा पाय आधी बघा. आणि कधी कुणी असं कडेवर बसलेलं दिसलं, तर त्याला घाई करू नका आणि हसू नका. शेजारी जाऊन बसा. मी दोघांना पुरेन एवढा लांब आहे.