लाइनचं दुसरं टोक

स्वतःच्या नवऱ्याशी दोन शब्द बोलायला कंपनीचं काम निघावं लागतं, अशी माझी गत झाली होती. बायकोचा फोन तो उचलायचा नाही. कामाचा असला तर पहिल्या रिंगला उचलायचा. म्हणून त्या मंगळवारची मी आठवडाभर वाट पाहत होते. विजेची नवी लाइन सुरू व्हायची होती. तिच्या या टोकाच्या सबस्टेशनात मी, त्या टोकाच्या सबस्टेशनात तो, आणि दोघांनी मिळून दोन रिले लावायचे. दिवसभर बोलावंच लागणार होतं. बोलता बोलता त्याला विचारायचं, घरी कधी येतोस. माझं त्या दिवसाचं खरं काम एवढंच, बाकीचं पगारापुरतं.

भांडण म्हणावं असं काही झालंच नव्हतं. टाळी एका हाताने वाजत नाही म्हणतात, पण भांडण एका तोंडाने होऊ शकतं, ते मी वर्षभर करून दाखवलं. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की तो मूग गिळून बसायचा, आणि तो गप्प बसला की माझा पट्टा आणखी जोरात. मग त्याची तिकडे बदली झाली, "थोड्या दिवसांपुरती". गरम कपडे कपाटातच ठेवून गेला, म्हणून मी धरून चालले की थंडीपर्यंत येईल. थंडी आली नि गेली. नवीन घेतले असतील त्याने.

घरात उरलो मी आणि सासूबाई. लोकांच्या सासवा कशा असतात कोण जाणे, माझ्या मात्र मी कामावरून येईपर्यंत जेवायच्या थांबायच्या, आणि "किती गं बडबडतेस" म्हणत सगळी बडबड ऐकून घ्यायच्या. त्या नसत्या तर मी भिंतींशी बोलले असते.

रिलेचं काम सांगायला सोपं आहे. लाइनच्या दोन्ही टोकांना एकेक रिले, आणि दोघांची एकमेकांकडे सतत चौकशी: माझ्याकडून एवढा करंट आत गेला, तुझ्याकडून तेवढाच बाहेर पडला का? पडला तर ठीक. फरक आला, की मध्ये कुठेतरी बिघाड आहे असं धरून दोघेही आपापला ब्रेकर पाडतात आणि लाइन बंद.

सकाळी थोडासा लोड घेऊन पाहिला. रिलेने ब्रेकर पाडू नये अशी तेवढ्यापुरती सोय केली होती. फोनवर मी माझे आकडे वाचले, त्याने त्याचे. आकड्यांखेरीज चकार शब्द नाही. फरक शून्य यायला हवा होता, तो दुप्पट आला. म्हणजे कुठल्यातरी एका टोकाला करंट मोजणाऱ्या वायरी उलट्या जोडलेल्या.

"तुझ्याकडचं बघ," मी म्हटलं.

"तुझ्याकडचं बघ," तो म्हणाला.

झालं! लाइन बंद करून दोघांनी फोन ठेवले.

आता यात एक पळवाट असते. वायरींना हात न लावता रिलेच्या सेटिंगमध्ये करंटची दिशा उलटी करता येते, आणि कुठल्याही एका टोकाने ती केली की हिशेब जुळतो. वायरी मग सावकाश शोधाव्यात. फक्त, बदल करणाऱ्याने दुसऱ्याला कळवायचं. मी रिलेसमोर बसले. ती खोली थंडगार, एसीची घरघर, दिवसभर दाराशी कोणी फिरकत नाही. फोन उचलला, खाली ठेवला. पुन्हा तेच तुझं-माझं कोण करत बसणार? जाऊ दे, म्हटलं, आपणच नमतं घेऊ. दिशा उलटी केली आणि साहेबांना "तयार" म्हणून कळवून टाकलं.

दुपारी लाइन सुरू झाली. रिकामी होती तोवर गपगुमान. लोड चढायला लागला आणि धाडकन दोन्हीकडचे ब्रेकर पडले.

"मॅडम, पहिल्याच घासाला खडा!" ऑपरेटर म्हणाला. पाठोपाठ साहेबांचा फोन: दोघं आपसात बोला आणि मला लाइन द्या.

"काय केलंस तू?" मी नवऱ्याला विचारलं.

"दिशा उलटी केली."

"अरे देवा! मीपण."

दोघांनी उलटी केली म्हणजे कोणीच केली नाही, चूक होती तिथेच. मला हसू फुटलं. तिकडे तोही हसला. ते हसणं मी कितीतरी महिन्यांनी ऐकत होते. हा माणूस माझ्यासाठी नमला! तेही गुपचूप!

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुझ्याशी फोनवर बोलावं लागू नये म्हणून," तो म्हणाला. टोमणा नव्हता, सरळच सांगितलं त्याने.

मी कुठल्या तोंडाने रागावणार? माझंही तेच होतं. नमतं कसलं घेतेय, बोलायचं टाळलं होतं मी.

"मी परत सरळ करतो," तो म्हणाला. "मी करते," असं मीही त्याच वेळी म्हटलं.

"थांब, थांब! तू हात लावू नकोस. मीच करतो."

मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. लाइन पुन्हा सुरू झाली. लोड चढला, ठरल्या आकड्याला येऊन थांबला, फरक शून्य. जीव भांड्यात पडला. फोन अजून चालूच होता. आता नाही तर कधीच नाही.

"घरी कधी येतोस?"

"मी तेच बोलणार होतो," तो म्हणाला, आणि मी वेडी, खुर्चीत सावरून बसले. "रविवारी येतोय. आईला इकडे घेऊन यायला. क्वार्टर मोठं मिळालंय."

"आई नाही यायच्या."

"विचारलंय तिला. रोज बोलतो की आम्ही दुपारी. ती हो म्हणाली. तुला सांगायचा तिला धीर होत नव्हता."

रोज! मला जगातल्या सगळ्या शिव्या येतात, पण त्यातली एकही आठवेना.

"आणि मी?" मी विचारलं. "मला एकटीला नाही रे राहवणार त्या घरात. खरंच सांगते."

त्याला नीट ऐकू गेलं होतं.

"लोड वाढतोय," तो हळूच म्हणाला. "बघायला हवं. ठेवू का?"

एकाच लाइनचा लोड तो. त्याच्यासमोरचा आकडा माझ्याही समोर होता, आणि मघापासून तसूभर हललेला नव्हता.

"हो, वाढतोय खरा," मी म्हटलं. "ठेव."