थरथरत्या हाताला काय म्हणतात?

प्रश्न २१२. म्हातारपणानं पाय लटपटतात, त्या माणसाला तुमच्याकडे काय म्हणतात?

"आमच्याकडे असं कुणी नाही," किट अल्डरसन म्हणाला.

समोरच्या पोरीनं वहीतून मान वर केली. मिस हॅलम तिचं नाव. लीड्सच्या विद्यापीठातून आलेय, स्वेलडेल खोऱ्यातल्या जुन्या माणसांचे शब्द गोळा करतेय, असं तिनं दारातच सांगितलं होतं. किटला दिसली ती फक्त वही. आणि या खोऱ्यात वही घेऊन दारात येणारं माणूस एकाच ठिकाणचं असायचं, जमीनदाराच्या कचेरीतलं. मागच्या महिन्यात तिथला कारकून फाटकातूनच बोलून गेला होता, "शहात्तर झाली ना, किट? सप्टेंबरअखेर भाडेपट्ट्यावर एखाद्या तरण्या माणसाचं नाव घाल, नाहीतर शेत सोड."

तरणा माणूस होता. मुलीचा, नेलीचा नवरा रेग, डार्लिंग्टनला सुतारकाम करायचा आणि यायला एका पायावर तयार होता. नेलीचं पत्र तीन आठवडे चुलीवरच्या फळीवर पडून होतं. पण त्याला बोलवायचं म्हणजे आपल्याच्यानं होत नाही असं म्हणायचं, आणि ते किटनं आजवर आपल्या कुत्र्यालाही कळू दिलं नव्हतं.

प्रश्न २१३. जरा वारा लागला की आजारी पडतो तो?

"तसले सगळे डोंगरापलीकडे. त्या खोऱ्यात."

पेन्सिल चालली.

"ए, ते नको लिहू. माझा मेहुणा तिकडचा आहे."

प्रश्न २१४. अंगात बळ उरलं नाही असा?

"बैल?"

"माणूस."

"ठाऊक नाही. परवा कुंपणाची भिंत ढासळली, ती मी रचली. एकट्यानं. हे लिही."

चुलीपाशी त्याची बायको थर्झा खोकली. त्या भिंतीतले निम्मे दगड तिनं उचलून दिले होते. हात पुसत ती टेबलाशी आली.

"किट, म्हाताऱ्या, ही कचेरीची नाही. काल पीकॉकच्या आजीला दुपारभर विचारत होती, झाडूला काय म्हणता, गाईच्या सडाला काय म्हणता. कचेरीला गाईच्या सडाशी काय करायचंय?"

मिस हॅलम हसली. "मला खरंच फक्त शब्द हवेत, मिस्टर अल्डरसन. आमच्या पुस्तकांत यासाठी दोनतीनच उरलेत, तेही डॉक्टरी."

"आधी बोलायचंस ना!"

"दारात बोलले होते."

किटच्या तोंडाचं कुलूप निघालं. मग काय! वँकल, म्हणजे अंगात जोर नसलेला. त्याचा चुलता सिम असाच वँकल होता. आज जातो, उद्या जातो म्हणत अकरा वर्षं काढली आणि डॉक्टरलाच आधी पोचवून आला. क्रॅम्ली, म्हणजे गुडघ्यातून डुगडुगणारा. "पण ती शिवी नव्हे हं, पोरी. आईला आम्ही म्हणायचो. शेवटी शेवटी दोघं भाऊ दोन बाजूंनी धरून तिला प्रार्थनेला न्यायचो. वाटेत ती आम्हालाच दटावायची, नीट चाला रे."

पेन्सिलीला दम लागला.

प्रश्न २१९. हात थरथरतात तो?

किटच्या पुढ्यात चहा बशीत ओतलेला होता. त्यानं बशी जवळ ओढली, तसा थोडा चहा टेबलावर हिंदकळला.

"डॉदरी," थर्झा म्हणाली.

"कोण?"

"शब्द सांगितला."

"मी विचारलं, कोण?"

"तू आधी कपानं प्यायचास, किट. दोन वर्षं झाली, बशी धरलीस. कपातला चहा हिंदकळून बशीतच पडतो, मग सरळ बशीनंच प्यावा. बशा मी धुते." ती थांबली. "आणि सकाळी तुझ्या बुटांच्या नाड्या आधीच सैल करून ठेवलेल्या असतात, त्या काय मांजर करतं?"

किटनं हात टेबलाखाली घेतले. "मग बोलली का नाहीस?"

"मला कमी ऐकू येतं, त्याबद्दल तू बोललास कधी? रविवारी घरी येऊन अख्खं प्रवचन मोठ्यांदा पुन्हा सांगतोस. म्हणतोस, आज पाद्री फार छान बोलला. तो पाद्री आयुष्यात एकदाही छान बोललेला नाही."

२१९ च्या पुढची जागा मिस हॅलमनं कोरीच ठेवली. पेन्सिल खाली ठेवून ती खिडकीबाहेर बघत बसली.

किटनं हात पुन्हा टेबलावर ठेवले. "कागद घे. नेलीला उत्तर द्यायचं. माझं अक्षर तिला लागायचं नाही."

थर्झानं कागद घेतला. "सांग."

"लिही, आम्ही बरे आहोत."

थर्झानं काहीच लिहिलं नाही. हिंदकळलेला चहा फडक्यानं टिपून घेतला आणि वाट पाहिली.

"बरं. लिही, बाप क्रॅम्ली झालाय." थर्झा लिहू लागली. "हातांचंही लिही. मेंढ्या डोंगरावरून उतरवायला माणूस हवाय म्हणावं. रेगला सांग, भाडेपट्ट्यावर नाव घाल. महिना संपायच्या आत ये. कुत्रं मात्र माझंच ऐकेल."

"सावकाश सांग."

"आणि बूट स्वतःचे आण. माझे मिळायचे नाहीत."

"त्याला तुझे होणारच नाहीत, त्याचा पाय केवढा आहे!"

"असू दे केवढाही. तरी लिही. माझे मी अजून घालतोय."