महिपतीच्या खात्याचं कुलूप

शकूने बिरडं सोलायला घेतलं, ठेवलं, पुन्हा घेतलं. वालाची सालं परातीबाहेर पडत होती, तिकडे तिचं लक्षच नव्हतं. चार वाजता मुंबईची बाई कंप्युटरवर येणार होती. मनस्वी तिचं नाव. अर्धांगाने वाचा गेलेल्या माणसांना ती पुन्हा बोलायला शिकवायची. पहिल्या काही महिन्यांत जीभ वळवली तर वळते, पुढे फार जड जातं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि या बाईची वेळ मिळता मिळता दिवाळी जाऊन संक्रांत आली होती. आजची वेळ हुकली की जागा दुसऱ्याला जाणार होती.

आणि कंप्युटर म्हणत होता, माइकला परवानगी नाही. कॅमेऱ्यालाही नाही.

तिचा नवरा महिपती खिडकीपाशी खुर्चीत बसला होता, तोंड भिंतीकडे. इस्पितळातून आल्यापासून त्याचं तोंड भिंतीकडेच असायचं. कुणी भेटायला आलं की डोळेही मिटून घ्यायचा.

हाच महिपती धरमतरच्या धक्क्यावर मुकादम होता. मालाची बार्ज लागताना पलीकडच्या बोटीवरच्या तांडेलाला हाक मारायची तर बाकीचे भोंगा शोधत. हा नुसतं तोंड उघडायचा. शकू रोह्याची, कुंडलिकेच्या काठची. तिच्या माहेरी माणसं हळू बोलायची. लग्न होऊन आली त्या पहिल्या सकाळी मागीलदारी नवऱ्याचा आवाज ऐकून ती पळत चुलीपाशी आली होती. सासू मान वर न करता म्हणाली, "घाबरू नको गो. भांडत नाय तो, पाणी मागतोय."

आता त्याच तोंडातून एकच शब्द निघायचा. तेच. पाणी हवं असलं तरी तेच, दुखलं तरी तेच. दोनदा म्हणायचा, तेच तेच, आणि स्वतःच्याच रागाने गप्प व्हायचा.

"आत्या, हायेस ना?" फोन कीबोर्डला टेकवून ठेवला होता, त्यातून नमिता बोलली. नमिता शकूच्या भावाची मुलगी. रोह्याजवळ वरसे गावात कंप्युटर शिकवायची, दुरुस्तही करायची. "सेटिंगमध्ये गेलीस? मायक्रोफोन दिसतंय?"

"दिसतंय. त्याच्यापुढे बटण हाय, पण ते मेलं हलत नाय. दाबलं की चौकट येते. मालकाचा पासवर्ड टाका म्हणते."

"म्हणजे मामांचा."

"माझ्याच घरातला कंप्युटर, आणि मला मालक विचारतोय!"

"तुझं खातं साधं हाय, आत्या. मामांचं मालकाचं. सगळ्या मशीनचं दार त्यांनी लावून ठेवलंय, ते त्यांनाच उघडता येणार."

ते खरं होतं. पेणच्याच रामवाडीतल्या एका भल्या माणसाला पोलिसाचा वेश केलेल्या भामट्याने व्हिडिओवरून दिवसभर घरात कोंडून ठेवलं होतं. ते कळल्याच्या संध्याकाळी महिपतीने माइक आणि कॅमेरा दोन्ही बंद करून टाकले. शकूला वेगळं खातं काढून दिलं ते त्याआधीच. "हे तुझं तुला," म्हणाला होता. "यात काय वाटेल तो गोंधळ घाल, घराला आग नाय लागायची." ती तेव्हा हसली होती. भजी तळायच्या व्हिडिओला आणि माहेरच्या फोटोंना ते खातं पुरत होतं.

तिने एकेक पासवर्ड घालून पाहिला. कुलदैवताचं नाव, धक्क्यावरच्या जुन्या बार्जचं नाव, स्वतःचंही नाव. चौकट दरवेळी तितक्याच थंडपणे नाही म्हणाली. स्वतःचं नाव चुकीचं निघाल्यावर तिला उगाच लागलंही.

"तू येतेस का गो?"

"आत्ता निघाले तरी रस्त्याच्या कामातून पेणला पोचेपर्यंत दिवे लागतील. मोबाईलवर नाय का जमत?"

"ती बाई चित्रं दाखवते. मोबाईलवरची चित्रं यांना दिसत नायत, उजवीकडचं नजरेतून सुटतं. मागे करून बघितलं ना, फोन फेकला होता यांनी."

"मग मामांना बोलाव. डाव्या हाताने टाकू देत पासवर्ड. हातांना आठवतं कधी कधी."

शकू उठली. सालांवरून पाय घसरला, तशीच सावरत खुर्चीपाशी गेली.

"अवो, चला. नुसतं एवढं टाका आणि परत या."

महिपतीने डोळे मिटले.

"ऐकू येतंय मला माहीत हाय. कान गेले नायत तुमचे."

ती कंप्युटरपाशी आली, परत गेली. चहा ठेवला, उकळून उतू गेला, गॅस बंद केला. "काय झालं?" नमिताने विचारलं. "काय नाय, मशीन अडलंय," शकू म्हणाली. घड्याळ चारच्या जवळ आलं होतं.

"अवो, ती बाई तुम्हाला खाणार हाय काय? अख्ख्या खाडीला दमात घेणारा माणूस, आणि पोरीएवढ्या बाईला भिऊन भिंत धरून बसलाय!"

ते बोलली आणि तिलाच टोचलं. महिपतीच्या डाव्या गालाची शीर हलली. उजवा गाल होता तसाच लोंबत राहिला. धक्क्यावर असताना तो रोज दाढी करून, केसांना तेल लावून निघायचा. पावसात, चिखलात काम, तरी सदरा पांढरा. बायका हसायच्या, मुकादम निघाला वरातीला. शकू त्या गालाकडे पाहत राहिली. मग खाली बसली, त्याच्या गुडघ्याशी. इस्पितळात डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, भावांना विचारलं होतं, नमिताला विचारलं होतं. या माणसाला कुणी काही विचारलेलंच नव्हतं.

"तुम्हाला नको हाय का?" ती हळू म्हणाली. माहेरच्यासारखी. "नको असंल तर नको. मान हलवा."

त्याने मान हलवली नाही. होकाराची नाही, नकाराचीही नाही. शकूने वाट पाहिली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि फोन हातात घेतला.

"नमे, त्या बाईला कळव. आज नाय जमणार."

"मशीनमुळे म्हणून सांगू?"

"मशीनला कशाला दोष देतेस. माणूस राजी नाय म्हण. मी आता मागं लागणार नाय."

ती पदराने डोळे पुसत होती तेवढ्यात मागे काठी वाजली. महिपती उठत होता. एकट्याने उठू नका असं डॉक्टरांनी बजावलेलं, पण शकू जागची हलली नाही; हात लावला असता तर तो परत बसला असता. पाय ओढत तो आला, खुर्चीत पडला आणि डावा हात कीबोर्डवर ठेवला.

शकूने मान फिरवली. इतक्या वर्षांच्या संसारात तिने त्याचा खिसाही तपासला नव्हता. टकटक ऐकू आली, मग थांबली. मशीनचा नकाराचा आवाज आला. त्याने जोरात श्वास सोडला. पुन्हा टकटक, आता सावकाश, एकेक.

"बटण हललं का?" नमिता ओरडली.

"हललं गो! निळं झालं!"

"आता तसंच कॅमेऱ्याचं. खालच्या ओळीत बघ, तिथंही पासवर्ड मागेल."

शकूने ते पान उघडलं, चौकट आली. महिपती चौकटीकडे पाहत राहिला. मग त्याने कीबोर्डवरचा हात उचलला, उजव्या गालावर पालथा ठेवला आणि म्हणाला, "तेच."

एकदाच. तिला पुरेसं कळलं. तोंड दिसल्याशिवाय शिकवायचं कसं, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि चौकट बंद केली.

"आत्या? कॅमेरा?"

"कॅमेरा राहू दे बंद. त्या बाईला काय कळवू नको, ठेव आता फोन."

मनस्वी पडद्यावर आली. तरुण होती, चष्मा घातलेला. "काका, नमस्कार. तुम्ही दिसत नाही आहात मला. कॅमेऱ्याला परवानगी द्याल का?"

"नाय देणार," शकू म्हणाली. "माइकला दिलीय. ऐकू येईल तेवढं ऐका."

"बरं. चालेल. मग आज चित्रं नकोत, कानांनीच करू. आपण मोजूया, काका. मोजणं बहुतेकांना आतून येतं. माझ्यामागून म्हणा. एक."

महिपतीने काठी खुर्चीला टेकवली.

"एक," ती पुन्हा म्हणाली. "घाई नाही. एक."

त्याचा डावा हात मांडीवरून उठला. बोटं वाकली, जणू पायली धरली होती, आणि त्याने ती रिकामी पायली हवेत उलटी केली. शकूने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"लाभ," महिपती म्हणाला.

आवाज घोगरा होता, फाटका, पण शब्द अख्खा होता. सासरच्या खळ्यावर भात मोजताना पहिल्या मापाला एक कुणी म्हणत नसे. लाभ म्हणायचं, मग दोन.

"काय म्हणाले ते?" मनस्वीने विचारलं.

शकू सांगायला पुढे झाली. महिपतीने डावा हात उगारून तिला गप्प केलं आणि दुसरं माप भरायला घेतलं.