सात नंबरची लोकर

बारकी पास झाली. दहापैकी नऊ. सरांनी तिच्याशी हात मिळवला, मामांनी डोळे पुसले, आणि नेमकं त्याच वेळी खिडकीखाली कोणीतरी एकदाच, पण ठामपणे भुंकलं.

हे काही झालेलंच नाही असं समजा. अजून सकाळचे साडेनऊच वाजलेत आणि बारकी प्रयोगशाळेच्या जिन्यात उभी राहून आपल्या बुटाची नाडी पेटवावी का, याचा विचार करते आहे. नाडीवर तिचा राग नव्हता. ती सुती आहे की पॉलिएस्टरची, एवढंच तिला बघायचं होतं. मन शांत करायची ज्याची त्याची रीत असते.

बारकी म्हणजे कापड तपासणीच्या प्रयोगशाळेतली शिकाऊ मुलगी. शेंडेफळ म्हणून घरात बारकी, आणि हजेरीपटावर चांगलं ऐसपैस नाव असूनही इथेही बारकीच. काम असं, की कुठूनतरी कापडाचा तुकडा येतो, त्याच्या चिठ्ठीवर 'शुद्ध लोकर' किंवा 'शंभर टक्के सुती' असं छातीठोकपणे लिहिलेलं असतं, आणि तुकडा खरं बोलतोय की थापा मारतोय ते आपण शोधायचं. एक धागा सोडवायचा, चिमट्यात धरायचा, स्पिरिटच्या दिव्याजवळ न्यायचा आणि नाक पुढे करायचं. जळक्या कागदाचा वास आला तर कापूस. जळक्या केसांचा आला तर लोकर किंवा रेशीम. गोडसर वास येऊन टोकाला काळा टणक मणी धरला, की पॉलिएस्टर. मग खात्रीसाठी मायक्रोस्कोप आणि बाटल्यांमधली रसायनं.

या शिक्षणाची झळ घरच्यांना अक्षरशः लागली होती. पडद्यांच्या, उशांच्या, सगळ्यांच्या शर्टांच्या आतल्या शिवणीतून बोटबोटभर धागे गायब झाले होते. दादाचा लग्नातला शुद्ध लोकरीचा कोटही तिने सोडला नाही. धागा काढला, पेटवला आणि उरलेला काळा मणी जेवणाच्या टेबलावर दादाच्या ताटाशेजारी ठेवला.

"पॉलिएस्टर," ती म्हणाली.

"अगंबाई," वहिनी म्हणाली, "म्हणजे लग्न तरी खरंय ना?"

दादा महिनाभर दोघींशी बोलला नाही.

आज तिची प्रात्यक्षिक परीक्षा होती. दहा पाकिटं, दहा नमुने, तीन तास. नऊ बरोबर आले तर तपासनीस म्हणून कायमची खुर्ची. परीक्षेला तीनदाच बसता येतं आणि ही तिसरी खेप होती. नापास झाली तर काकांचं गाद्यांचं दुकान वाट बघत होतं. तिथे काम एकच. गिऱ्हाईक गादीवर आडवं होऊन बघतं आणि थोड्या वेळाने त्याला 'आता उठा' म्हणायचं.

पहिल्या खेपेला पॉलिएस्टरचा वितळलेला थेंब उत्तरपत्रिकेवर पडला आणि आठ उत्तरं जळून गेली. ती बरोबर होती की चूक, हे त्या राखेवरून कोणाला सांगता आलं नाही. दुसऱ्या खेपेला ती सात नंबरपाशी अडकली. मायक्रोस्कोपमधून दीड तास त्याच्याकडेच बघत बसली, वेळ संपली, आणि आठ, नऊ, दहा नंबरची पाकिटं तिने उघडलीसुद्धा नव्हती.

सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट ही, की सात नंबर काय असतो हे सगळ्या शिकाऊ मुलांना पहिल्या आठवड्यातच कळतं. सात नंबर लोकर. नमुन्यांचा क्रम वर्षानुवर्षं तोच आहे, कारण तो बदलायचा तर नवी नोंदवही लागते आणि जुनी अजून भरलेली नाही. दादानेही सकाळी दारातून ओरडून सांगितलं होतं, "सात नंबर लोकर! लिही आणि मोकळी हो! डोकं चालवू नकोस, ते तुला मानवत नाही!"

पण तिला ती लोकर दिसतच नव्हती. सहा महिने तिने स्वतःला समजावलं होतं, की जे अख्ख्या जगाला दिसतं ते आपल्याला दिसत नाही, म्हणजे डोळे तरी गेलेत नाहीतर डोकं. डोळे तपासून झाले होते. ते ठणठणीत निघाले. तेव्हापासून तिला जास्तच काळजी वाटत होती.

दहा वाजता सरांनी पाकिटं वाटली. सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. काटकुळे, चष्मेवाले, कमी बोलणारे. भिंतीवर त्यांच्या वळणदार अक्षरातली पाटी होती: 'तपासल्याशिवाय लिहू नये.' दिव्यांत स्पिरिट भरायला, काचपट्ट्या पुसायला आणि दर परीक्षेला पाकिटं भरायला मामा होते. ते प्रयोगशाळेतले सगळ्यात जुने कर्मचारी, साऱ्यांचे मामा. त्यांच्यामागे रोज त्यांचा म्हातारा पांढरा केसाळ कुत्राही यायचा आणि खिडकीखाली पडून राहायचा. त्याचं नाव कापूस.

एक नंबर झटक्यात सुटला. दोन नंबरच्या पाकिटात काहीतरी अतिशय हलकं, तलम, भुरभुरीत होतं. बारकीने ते नाकाजवळ नेलं आणि तिला शिंक आली. पुढचं अर्धं मिनिट तिने टेबलाखाली, कपाटामागे आणि शेजारच्या मुलाच्या दाढीत शोधलं. मग जागेवर येऊन प्रामाणिकपणे लिहिलं: 'नमुना क्र. २: शिंकेत गेला.'

म्हणजे आता उरलेले नऊच्या नऊ बरोबर यायला हवे होते. सातही.

तीन, चार, पाच, सहा. मग तिने शहाणपणा करून आठ, नऊ, दहा आधी उरकले. आठ नंबर ॲसिटेटचा निघाला. नेलपॉलिश काढायच्या द्रावात टाकल्याबरोबर तो असा विरघळला, जसा काही जन्मलाच नव्हता. दहा नंबरचं सूत मिश्र होतं, त्याचा पीळ उलगडून दोन्ही तंतू वेगळे केले. बारा वाजले. तासभर उरला होता आणि समोर सात नंबरचा पांढरा झुपका.

पेटवला. जळक्या केसांचा वास. आच दूर केल्यावर आपोआप विझला, राख चिमटीत चुरली. गरम कॉस्टिक सोड्यात विरघळला. इथपर्यंत लोकरच. मग तिने काचपट्टी मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि सहा महिन्यांपूर्वीचं भूत तसंच्या तसं समोर उभं राहिलं. लोकरीच्या तंतूवर कौलांसारखे एकावर एक खवले असतात, त्यांच्या कडा उठून दिसतात. इथे खवले चापूनचोपून बसवलेले. मधोमध काळा जाडजूड गाभा, शिडीसारख्या पायऱ्यांचा. तिने पट्टी हळूच सरकवत तंतूचं टोक गाठलं.

टोकाला मूळ होतं. चिमुकला, कांद्यासारखा गड्डा.

बारकी विचार करायला लागली. मेंढीची लोकर कातरीने कापतात. कापलेल्या केसाला मूळ कसं येईल? मूळ येतं उपटलेल्या केसाला. नाहीतर गळालेल्या. नाहीतर विंचरून काढलेल्या.

"बारके, स्पिरिट हवंय का?" मामा शेजारी येऊन उभे राहिले. दिवा काठोकाठ भरलेला होता.

"नको, मामा."

"मग वेळ का घालवतेस? लिही की लोकर. सगळे लिहितात."

त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. बारकीने मान वळवली आणि तिची नजर मामांच्या पँटवर गेली. गुडघ्यापासून खाली तिच्यावर पांढरे केस चिकटलेले होते. रोजच असायचे. इतक्या दिवसांत कोणी ते बघितले नव्हते, कारण मामांच्या पँटवर पांढरे केस असायचेच.

"मामा, हलू नका," ती म्हणाली आणि चिमट्याने एक केस उचलला.

"अगं, ए—"

तिने तो सात नंबरच्या शेजारी ठेवला. तोच शिडीसारखा गाभा, तेच दडपलेले खवले, तोच कांदा. दोघं सख्खे भाऊ शेजारी झोपावेत तसे पडले होते.

आणि बारकीला एकदम इतकं हलकं वाटलं, की टेबल धरून बसावं लागलं. डोळे जाग्यावर होते. डोकं जाग्यावर होतं. सहा महिने जे दिसत होतं ते होतंच! तिला हसू आलं. ते दाबायला तिने रुमाल तोंडात कोंबला. रुमाल सुती होता, हे तिला आधीपासून माहीत होतं.

मग तिला आठवलं, की सरांच्या उत्तरसूचीत सात नंबरपुढे लोकर लिहिलेलं आहे. 'लोकर' लिहिलं तर खुर्ची, 'कुत्रा' लिहिलं तर गाद्या. तिने 'लोकर' लिहिलं. दोन मिनिटं त्याच्याकडे बघत बसली. कोटाचा मणी ताटाशेजारी ठेवताना दादाच्या तोंडाकडे न बघणारी ती, आता एका कुत्र्याला मेंढी म्हणत होती. तिने 'लोकर' खोडलं आणि मामांकडे न बघता लिहिलं: 'लोकर नाही. केस. बहुधा कुत्र्याचे.'

एक वाजता सरांनी उत्तरपत्रिका तिथेच, उभ्याउभ्या तपासायला घेतल्या.

"दोन नंबर. शिंकेत गेला." सरांनी चष्मा वर केला. "शिंक ही मान्यताप्राप्त चाचणी नाही."

"हो, सर."

"तीन बरोबर. चार बरोबर. पाच. सहा." मग ते थांबले. "सात. कुत्रा?"

दाढीवाला फिसकन हसला.

"हो, सर."

"कुठला कुत्रा?"

"पांढरा, सर. म्हातारा असावा."

सरांनी उत्तरपत्रिका बाजूला ठेवली. ते तिच्या टेबलापाशी गेले, मायक्रोस्कोपवर वाकले आणि इतका वेळ वाकूनच राहिले, की दाढीवाल्याने त्यांना खुर्ची आणून दिली. बारकी मनातल्या मनात म्हणत होती, आता उठा, आता उठा. काकांच्या दुकानातलं काम आपल्याला जमेल, असंही तिला एकदा वाटून गेलं.

"साहेब," मागून मामा म्हणाले, "पोरीचं बरोबर आहे. तो आमचा कापूस आहे."

मग जे बाहेर पडलं ते असं. अकरा वर्षांपूर्वी नमुन्याची खरी लोकर कसर नावाच्या किड्याने फस्त केली. लोकर ज्या पेटीत होती, त्या पेटीला 'हिच्यात कसर शिरणार नाही' असं प्रमाणपत्र याच प्रयोगशाळेने दिलेलं होतं. नवी लोकर मागवायचा फॉर्म मामांनी तीनदा आणला. त्यात 'नमुना नष्ट होण्याचं कारण' या रकान्यात आग, पूर आणि चोरी एवढेच पर्याय होते.

"पूर आला असं कसं लिहू, साहेब? आपण दुसऱ्या मजल्यावर. परीक्षा दुसऱ्या दिवशी. घरी गेलो तर हा दारात बसलेला. विंचरला, साबणाने धुतला, पाकिटात भरला. म्हटलं यंदाचं निभावून नेऊ. पण सगळे पास झाले हो! मग दर परीक्षेला तेच. अकरा वर्षं परीक्षेच्या आदल्या दिवशी मला घास गिळवलेला नाही." मामांनी बाहीने डोळे पुसले. "आज मात्र बरं वाटतंय. सपाटून भूक लागली आहे."

म्हणजे अकरा वर्षं या प्रयोगशाळेत कापूस लोकर म्हणून खपला होता, आणि तोसुद्धा कुत्रा होता.

सरांनी शेवटी डोकं वर केलं. ते रागावतील असं सगळ्यांना वाटत होतं. पण त्यांचा चेहरा तापाने फणफणलेल्या माणसाला घाम फुटल्यावर होतो तसा निवळला होता.

"नऊ वर्षांपूर्वी," ते म्हणाले, "मी एकदा हा नमुना बघितला होता. मला हा गाभा दिसला. ही शिडी. मी घाबरलो. लोकर जर मला अशी दिसायला लागली असेल, तर संपलंच. मी तीनदा चष्मा बदलला. मोतीबिंदूवाल्या डॉक्टरकडे गेलो, तो म्हणाला काही नाही. मग मी मायक्रोस्कोपात बघणंच सोडून दिलं. तुम्ही सगळे म्हणायचात ना, सर किती विश्वासाने काम सोपवतात?"

सगळ्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बघितलं. बोलण्यासारखं होतं, पण ते सर होते.

"तुला किती दिवस दिसत होतं?" सरांनी बारकीला विचारलं.

"सहा महिने, सर."

"डोळे तपासलेस?"

"तपासले, सर. ठणठणीत."

"माझेही," सर म्हणाले आणि ते इतक्या मोठ्याने हसले, की दिव्याची ज्योत हलली. "नऊ बरोबर. पास."

त्यांनी हात पुढे केला, मामांनी पुन्हा डोळे पुसले, खिडकीखाली कापूस एकदा भुंकला. पण हे तुम्हाला माहीत असायचं काही कारण नाही.

संध्याकाळी दादाने दारातूनच विचारलं, "काय लिहिलंस सात नंबरला?"

"कुत्रा."

दादाने कपाळावर हात मारला. "काकांना फोन करू?"

"कर. म्हणावं, गादीवर दुसरं कोणीतरी बसवा."

वहिनीने आधी मिठी मारली आणि मग धोरणीपणाने पदर लांब धरला.

दुसऱ्या दिवशी कायमच्या खुर्चीत बसून बारकीने पहिलं अधिकृत काम केलं. सर सांगत होते, मामा दुरुस्त्या सुचवत होते, ती लिहीत होती. वरिष्ठ कार्यालयाला पाठवलेल्या त्या अर्जाची स्थळप्रत नोंदवहीत आहे:

*विषय: प्रमाण नमुना क्र. ७ नियमित करणेबाबत.*

*महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर नमुना गेली अकरा वर्षे विनाखंड, विनारजा व विनातक्रार सेवेत आहे. तो 'लोकर' या सदरातून कमी करून 'इतर केस' या सदरात कायम करण्यात यावा. नष्ट होण्याच्या कारणांत 'कसर' हा पर्याय वाढविण्यात यावा. तसेच सदर नमुना सध्या चौदा वर्षांचा असून त्याला जिना चढताना धाप लागते व एका कानाने कमी ऐकू येते. त्याच्या जागी दुसरा नमुना नेमण्याची या कार्यालयाची मुळीच इच्छा नाही. सबब, सदर नमुन्याच्या आयुष्यास आणखी अकरा वर्षांची मुदतवाढ मंजूर होऊन तसे लेखी आदेश उलटटपाली मिळावेत, ही विनंती.*